सायकल शर्यतीला वाहतूक मार्शल म्हणून उभं राहताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर पुणे ग्रँड टूर झाली. युसीआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या, २.२ दर्जाची, अनेक टप्प्यांची शर्यत लोकांनी आपल्या दारात पाहिली. त्यानंतर आमच्यासारख्या छोट्या क्लबांकडेही "आम्हाला मार्शल व्हायचंय" म्हणणारी मंडळी येऊ लागली. आनंद आहे. पण प्रत्येकाला तेच ते समजावताना घसा बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. हे प्रश्न आमच्या रविवारच्या वर्गात खरोखर विचारले जाणारे आहेत. उत्तरं आमच्या पद्धतीची आहेत. मोठ्या स्पर्धेत पूर्ण रस्ता बंद असतो, तिथले नियम वेगळे. आम्ही बोलतोय ते जिल्हा मार्गावर रविवारी सकाळी होणाऱ्या, साठ-सत्तर सायकलस्वारांच्या शर्यतीबद्दल.

मार्शल म्हणजे नक्की काय करायचं?

शर्यतीच्या मार्गाला जिथे जिथे दुसरं तोंड येऊन मिळतं, तिथे उभं राहायचं. तोंड म्हणजे फक्त चौक नव्हे. फाटा, गावातली बोळ, शेतातून येणारी पाणंद, पेट्रोल पंप, मंगल कार्यालयाचं गेट, सगळं आलं. येणाऱ्या गाडीवाल्याला शर्यत कळवायची, येणाऱ्या सायकलस्वाराला धोका कळवायचा आणि काही बिनसलं तर वॉकीटॉकीवर कंट्रोलला, म्हणजे शर्यतीच्या नियंत्रण कक्षाला, कळवायचं. तिन्हीकडे "कळवायचं" म्हटलंय. "अडवायचं" हा शब्द मुद्दाम टाळलाय, त्याचं कारण पुढच्याच प्रश्नात.

मला गाडी थांबवायचा अधिकार मिळतो का?

नाही. हे उत्तर वर्गात तीनदा देतो, तरी शर्यतीच्या दिवशी एखादा पठ्ठ्या जॅकेट अंगावर चढलं की फौजदार होतोच.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११९ प्रमाणे वाहनचालकाला वाहतुकीच्या खुणा पाळाव्या लागतात आणि वाहतूक नियमनावर असलेल्या पोलिसाची सूचना मानावी लागते. त्यात तुमचं-आमचं नाव नाही. रस्त्यावर वाहनांना काही काळ बंदी घालायची किंवा वाहतूक वळवायची, तर तो आदेश प्रशासन काढतं. वर्तमानपत्रात वाहतूक बदलाच्या बातमीत कलम ११५ आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३३ दिसतं, ते हेच. बंदी महिनाभराच्या आतली असेल तर राजपत्रात छापावी लागत नाही, पण स्थानिक पातळीवर लोकांना कळवावी लागते. आदेश असला तरी तो राबवायचा पोलिसांनी. आपण त्यांचे मदतनीस.

उलट बाजूही ऐकून ठेवा. एखाद्याची वाट जबरदस्तीने अडवली, गाडीची किल्ली काढून घेतली, बॉनेटवर हात आपटला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गैरनिरोधाची तक्रार तुमच्यावर होऊ शकते. किल्ली काढण्याचा प्रकार आमच्याकडे एकदा झालाय. त्या स्वयंसेवकाला पुन्हा बोलावलं नाही.

थोडक्यात, तुम्ही विनंती करता. मात्र योग्य जागी, योग्य वेळी, योग्य शब्दांत केलेली विनंती बहुतेक जण ऐकतात. प्रशिक्षण त्यासाठीच आहे.

परदेशात मार्शलना अधिकार असतात म्हणे?

काही ठिकाणी असतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलीस रिफॉर्म ॲक्ट २००२ खाली एक योजना आहे. पोलीस प्रमुख प्रशिक्षित माणसांना मान्यता देतो आणि असे मान्यताप्राप्त मार्शल सायकल शर्यतीसाठी कायदेशीरपणे वाहतूक थांबवू शकतात, पण मान्यता असलेल्या हद्दीतच. साधा मार्शल तिथेही फक्त झेंडा हलवून इशारा देतो.

फ्रान्समध्ये अशा माणसाला 'सिन्यालर' म्हणतात. तो सज्ञान हवा आणि त्याच्याकडे वाहन परवाना हवा. हातात एका बाजूने हिरवी, दुसऱ्या बाजूने लाल अशी गोल पाटी. परवान्याची अट मला फार आवडते. ज्याने स्वतः कधी घाटात ट्रकच्या मागे गाडी चालवलेली नाही, त्याला समोरच्या ड्रायव्हरचं डोकं कसं कळणार? आम्हीही अठरा वर्षं पूर्ण आणि परवाना, या दोन अटी ठेवल्या आहेत.

पोलीस बंदोबस्त असतोच, मग आम्ही कशाला?

मार्गावरून एकदा दुचाकीवर हळूहळू फिरा आणि तोंडं मोजा. दर किलोमीटरला एक-दोन तरी निघतात, गावात तर पाच-सहा. इतके पोलीस कुठलंच ठाणं देऊ शकत नाही, आणि मागणंही बरं नव्हे. ते मुख्य चौक सांभाळतात, बाकीची तोंडं आपली.

एक तोंड सुटलं तर काय होतं, याचं उदाहरण फ्रान्समधलं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये एत्वाल द बेसेज या शर्यतीत बाहेरच्या गाड्या मार्गावर घुसल्या. ही व्यावसायिक संघांची शर्यत होती, गल्लीतली नव्हे. एका गाडीनंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडलं, तेव्हा इनिऑस, लिडल-ट्रेक, सूदाल क्विक-स्टेप यांच्यासारख्या संघांनी सरळ शर्यत सोडली. आयोजकांनी वर्षभर केलेली मेहनत दोन गाड्यांनी पाण्यात घातली. हे वर्गात सांगितलं की "माझ्या फाट्यावर तर कुणी येतच नाही" म्हणणारे गप्प होतात.

प्रशिक्षण किती दिवसांचं?

दोन रविवार. पहिल्या दिवशी वर्ग: कायदा, झेंडे, वॉकीटॉकी, प्रथमोपचार. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष फाट्यावर, पोलिसांना कळवून, सरावाच्या राइडबरोबर. त्यानंतर पहिली शर्यत जुन्या मार्शलच्या जोडीने, एकट्याने नाही.

वर्गातला सगळ्यांचा आवडता भाग म्हणजे नाटक. एक जण तापलेला स्कॉर्पिओवाला होतो, एक जण मुलाला क्लासला सोडायला निघालेली ताई, एक जण कॅन लावलेला दूधवाला. नव्या मार्शलने तिघांना दोन मिनिटं थोपवायचं, हात न लावता. हसून पुरेवाट होते, पण इथे ज्याचा आवाज चढतो त्याचा तो रस्त्यावरही चढतो. आवाज चढणारे लोक चांगले असतात. त्यांना आम्ही पाण्याच्या टेबलावर ठेवतो.

नेमकं कुठे उभं राहायचं?

याच्यावर आमचा निम्मा वर्ग जातो.

फाट्यावर नवा माणूस हमखास मुख्य रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहतो, कारण तिथून शर्यत दिसते. चूक. आडव्या रस्त्यात दहा-पंधरा मीटर आत जाऊन उभं राहा. गाडी तिथे थांबली पाहिजे. तोंडाशी थांबवली तर पहिली मोटार नाक पुढे काढते, मग तिच्या दोन्ही बाजूंनी मोटारसायकली सरकतात, आणि बघता बघता निम्मा रस्ता भरतो. आम्ही आदल्या संध्याकाळी तिथे फक्कीची आडवी रेघ मारतो. गंमत अशी की माणसाचं न ऐकणारा माणूस रेघेचं ऐकतो. क्रिकेटचा परिणाम असावा.

तोंड नेहमी येणाऱ्या गाड्यांकडे. पाठ कधीही नाही. आणि पळायला जागा हवी. मागे भिंत, कठडा किंवा चारी असेल तर जागा बदला. ब्रेक न लागलेला टेम्पो तुम्हाला बघून थांबत नाही.

वळणावर उभं राहायचं असेल तर आणखी एक गोष्ट. वेगात येणारा सायकलस्वार वळणाच्या बाहेरच्या कडेने आत शिरतो, मध्ये आतली कड गाठतो आणि पुन्हा बाहेरच्या कडेला फेकला जातो. त्यामुळे वळण संपताना बाहेरच्या बाजूला कधीही उभं राहू नका. जो घसरतो तो तिथेच येतो. उतारावर सत्तरच्या वेगात असलेला स्वार सेकंदाला साडेएकोणीस मीटर येतो. तुम्ही "अरे" म्हणेपर्यंत तो तुमच्यावर असतो. वळणाच्या वीस-तीस मीटर अलीकडे, त्याला लांबून दिसाल अशा ठिकाणी उभे राहा.

स्पीडब्रेकर, विशेषतः पांढरे पट्टे नसलेले, आणि खड्डे यांचंही तेच. खड्ड्याजवळ उभं राहून काही उपयोग नाही, खड्ड्याच्या अलीकडे राहा. खड्ड्याभोवती फक्की मारायची ती आदल्या दिवशी. त्या रात्री पाऊस पडला तर सकाळी परत.

गाड्या किती आधी थांबवायच्या?

शक्य तितक्या उशिरा.

पहिल्या वर्षी आम्ही उलटं केलं. शर्यत येण्याआधी पंधरा-वीस मिनिटं फाटा बंद. दहाव्या मिनिटाला हॉर्न सुरू झाले, बाराव्याला एक काका उतरून आले, पंधराव्याला सगळ्यांनी मिळून फाटा उघडला. आणि शर्यत आली ती नेमकी तेव्हाच. काही झालं नाही, नशीब.

आता हिशेब सोपा ठेवलाय. सपाटीवर घोळका ताशी चाळीसच्या आसपास असतो, म्हणजे एका किलोमीटरला दीड मिनिट. लीड गाडी, म्हणजे शर्यतीच्या पुढे चालणारी आयोजकांची गाडी, दोन किलोमीटरवर आली की कंट्रोल आवाज देतो, तुमच्याकडे तीन मिनिटं आहेत. पहिल्या मिनिटात गाड्या हळू करा, दुसऱ्यात थांबवा. माणूस दोन-तीन मिनिटं गप्प बसतो हा आमचा अनुभव. त्याच्यापुढे तो फोन काढतो किंवा हॉर्न वाजवतो.

येणाऱ्या गाडीलाही वेळ द्या. ताशी साठने येणारी मोटार, ड्रायव्हर सावध असला तरी, तुमचा हात दिसल्यापासून थांबेपर्यंत पन्नासेक मीटर खाते. भरलेला ट्रक त्याहून बराच जास्त. म्हणून वळणापलीकडच्या फाट्यावर दोघे लागतात, एक फाट्यावर आणि एक पुढे शंभर मीटरवर.

झेंडे आणि शिट्टी कशी वापरायची?

तुमच्या हातात पिवळा झेंडा. तो सायकलस्वारांसाठी: पुढे धोका आहे, सांभाळा. डोक्यावर धरून हलवायचा, सोबत शिट्टी. दुभाजक किंवा रस्त्यातलं बेट असेल तर त्याच्या टोकाशी हेच करायचं. लाल झेंडा लीड गाडीवर, म्हणजे शर्यत सुरू. हिरवा सगळ्यांच्या मागून येणाऱ्या स्वीप गाडीवर, म्हणजे शर्यत गेली, रस्ता मोकळा. गाड्या थांबवताना झेंडा नको, उघडा तळवा दाखवा.

शिट्टी फुकट वाजवू नका. सतत वाजणारी शिट्टी पाच मिनिटांत कुणालाच ऐकू येत नाही, आणि खरा धोका आला की तुमच्याकडे काही उरत नाही.

वॉकीटॉकीवर काय बोलायचं?

आधी आपला पॉइंट नंबर, मग एक वाक्य. "पॉइंट चौदा, ट्रॅक्टर मार्गावर आलाय, शर्यतीच्या दिशेने." संपलं. "अरे ऐक ना, इथे काय झालंय माहितीये का" एवढं बोलेपर्यंत पेलोटन, म्हणजे सायकलस्वारांचा मुख्य घोळका, तुमच्यापाशी आलेलं असतं. घाटात मोबाइलला रेंज नसते, तेव्हा व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबू नका.

गाडीवाला ऐकतच नसेल तर?

सुरुवात हाकेने होते. "ओ थांबा" आणि "दादा, दोनच मिनिटं, पोरं सायकलवर येतायत" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वयस्कर शेतकऱ्याला आबा किंवा तात्या, कारमधल्या बाईंना ताई, गावाबाहेरच्या अनोळखी माणसाला पाव्हणं. सर आणि मॅडम शहरात चालतं, फाट्यावर त्याने अंतर वाढतं. कारण सांगा, वेळ सांगा, आणि जी वेळ सांगाल ती पाळा. दोन मिनिटं म्हणून सात मिनिटं थांबवलेला माणूस पुढच्या वर्षी तुमचा नसतो.

तरीही निघालाच तर आडवे जाऊ नका. बाजूला व्हा, वॉकीटॉकीवर सांगा: गाडीचा रंग, प्रकार, दिशा. पुढचे मार्शल आणि लीड गाडी बघून घेतील, गरज पडली तर शर्यत हळू होईल. गाडीचा नंबर लक्षात राहिला तर पोलिसांना द्या, नाही राहिला तर सोडा. शिवी दिली तर गिळा. आम्ही सगळ्यांनी गिळल्या आहेत, काही तर फार कल्पक होत्या.

एसटी आणि उसाच्या ट्रॉल्यांचं काय?

एसटीचा प्रश्न आदल्या आठवड्यात आगारात जाऊन सोडवायचा, फाट्यावर नाही. गाड्यांच्या वेळा घ्या, मार्गाचा नकाशा द्या. ड्रायव्हर-कंडक्टरला आधी माहीत असेल तर लाल गाडी स्वतःहून कडेला थांबते, आणि तिच्यामागे आपोआप सगळे.

ऊस अवघड. हंगाम साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो, आणि आपल्या शर्यतीही त्याच थंडीत. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर चढावर थांबवला तर पुन्हा उठत नाही, मागे घसरू शकतो. म्हणून चढावर ट्रॉली थांबवायची नाही, हा आमच्याकडचा पक्का नियम आहे. तिला सपाटीपर्यंत जाऊ द्या, कंट्रोलला सांगा, शर्यत तिच्यामागून हळू येईल. शक्य असेल तर कारखाना नसलेला मार्ग निवडावा, पण ते आयोजकांना पटत नाही.

ॲम्ब्युलन्स आली तर?

जाऊ द्या. कुठल्याही क्षणी, शर्यत समोर असली तरी. ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे, पण ते बाजूला ठेवा. कंट्रोलला सांगा, सायकलस्वार डावीकडे दबतील. अग्निशमनची गाडीही तशीच. अंत्ययात्रा असेल तर शर्यत थांबते, याची चर्चा होत नाही.

कुत्री, मेंढरं, म्हशी?

कुत्र्यासाठी बिस्किटाचा पुडा. खरंच. त्याहून भारी उपाय म्हणजे त्या वस्तीवरचा एखादा पोरगा. त्याला शिट्टी द्या, कुत्रं सांभाळायला सांगा, दोघंही खूश. म्हशी सकाळी ठरलेल्या वेळी ठरलेल्या वाटेने निघतात, म्हणून पाहणी त्याच वारी आणि त्याच वेळी करावी. मेंढरांचा कळप अडवायचा प्रयत्न करू नका. धनगराशी बोलून तो आधी पार होऊ द्या किंवा शर्यत हळू करा. अर्धा कळप अलीकडे आणि अर्धा पलीकडे राहिला तर अलीकडचा अर्धा कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

माझ्यासमोर कुणी पडलं तर?

पहिली धाव पडलेल्याकडे घेऊ नका. मागून बाकीचे येतायत. आधी पिवळा झेंडा आणि शिट्टी घेऊन येणाऱ्यांच्या दिशेने पुढे जा, सायकल बाजूला ओढायला जवळच्या माणसाला सांगा, मग कंट्रोलला कळवा. शर्यतीसोबत ॲम्ब्युलन्स असतेच. नसेल किंवा लांब असेल तर १०८, आणि जवळचा किलोमीटरचा दगड सांगा.

जखमीला उचलून बसवू नका, मान हलवू नका, हेल्मेट काढू नका. गावकरी प्रेमाने पाणी पाजायला आणि "उठ उठ" म्हणत उभं करायला धावतात, त्यांना हात जोडून थांबवा. मदत केल्यामुळे आपण अडकू अशी भीती असेल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.

माझ्याकडे बुलेट आहे. मोटरसायकल मार्शल होता येईल का?

एक वर्ष पायी उभं राहा, मग बोलू. शर्यतीसोबत मोटरसायकल चालवणं हे यातलं सगळ्यात अवघड काम. मार्च २०१६ मध्ये खेंट-वेव्हेलखेम शर्यतीत पडलेल्या आंत्वान दमोआतिए या बेल्जियन सायकलपटूला मागून येणारी शर्यतीचीच मोटरसायकल धडकली आणि त्याचा मृत्यू झाला. एप्रिल २०२४ मध्ये ॲमस्टेल गोल्ड रेसमध्ये एका पोलीस मोटरसायकलस्वाराच्या अपघातामुळे महिलांची शर्यत थांबवून अंतर कमी करावं लागलं. हे सराव असलेले लोक होते.

कपडे काय घालायचे? खाकी चालेल?

खाकी अजिबात नाही. पोलिसांसारखं दिसून लोकांना फसवणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, आणि फसवण्याचा हेतू नसला तरी समजावत कुठे बसणार? क्लबचं रिफ्लेक्टर जॅकेट, टोपी, बूट. चप्पल घालून आलात तर परत पाठवू.

महिला स्वयंसेवकांसाठी काय व्यवस्था?

हा प्रश्न आम्हाला सुरुवातीला सुचलाच नव्हता, एका ताईंनी झापल्यावर सुचला. चार-पाच तास फाट्यावर उभं राहायचं तर स्वच्छतागृह लागतं. आता शाळा, पंप किंवा ओळखीचं घर जवळ असेल असे पॉइंट आधी ठरवतो आणि जोडीनेच पाठवतो. सामसूम पॉइंटवर कुणालाच एकटं ठेवत नाही, पुरुषांनाही नाही. आमचा अनुभव असा की तापलेला गाडीवाला बाईंसमोर लवकर थंड होतो. पण म्हणून सगळे वाईट फाटे त्यांच्याच गळ्यात मारायचे नाहीत, हेही त्याच ताईंनी सांगितलं.

मानधन?

नाही. चहा, पोहे, जेवण, पेट्रोल, विमा.

शर्यत गेली की निघू का?

पहिला घोळका गेला म्हणजे शर्यत गेली असं नाही. मागे दुसरा घोळका, मग सुटलेले तिघं-चौघं, मग पंक्चर काढून एकटाच दात-ओठ खात येणारा. हिरव्या झेंड्याची स्वीप गाडी दिसेपर्यंत जागा सोडायची नाही. तिच्याही मागे पडलेला स्वार शर्यतीबाहेर, त्याला वाहतुकीचे सगळे नियम लागू. त्याला पाणी द्या, धीर द्या, रस्ता मोकळा करा. निघताना स्वारांनी टाकलेल्या एनर्जी जेलच्या रिकाम्या पुड्या उचला आणि थांबलेल्या सगळ्यांना हात जोडून "धन्यवाद" म्हणा.

उभं राहून शर्यत बघायला तरी मिळते ना?

खरं सांगायचं तर नाही. तुमचं तोंड गाड्यांकडे, शर्यत पाठीमागून जाते. फोटो काढायचा मोह होईल, फोन खिशातच राहू द्या. जून २०२१ मध्ये टूर दे फ्रान्सच्या पहिल्याच टप्प्यात एक बाई हातातली पाटी घेऊन टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे बघत राहिली, येणाऱ्या सायकलींकडे तिचं लक्ष नव्हतं. टोनी मार्टिन हा सायकलपटू त्या पाटीला धडकून पडला आणि त्याच्यामागे निम्मं पेलोटन.

ऐकू मात्र सगळं येतं. आधी लीड गाडीचा हॉर्न, मग क्षणभर काहीच नाही, मग मागून साठ-सत्तर चेनींचा एकदम सरसर आवाज, कुणीतरी ओरडतो "डावीकडे, डावीकडे!", आणि वाऱ्याचा एक झोत पाठीवर येतो. समोर रेघेपलीकडे थांबलेला दूधवाला गाडीवरून मान उंचावून बघत असतो. किती जण गेले, पुढे कोण होतं, ते त्यालाच विचारायचं.